रेडिओसाठी वर्गणी काढायची म्हणताय, तर थोडं ऐका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागे तुमच्या पेपरात एका वाचकांचं पत्र आलेलं की आकाशवाणीवरचं शास्त्रीय संगीत सरकारने किती दिवस पोसायचं, अमेरिकेत बघा, लोक स्वतःच्या खिशातून रेडिओ चालवतात, तसं आपल्याकडेही ज्यांना ऐकायचंय त्यांनी पैसे टाकावेत आणि खुशाल ऐकावं, बाकीच्यांच्या टॅक्सवर हे लाड कशाला. मी ते पत्र ऑनलाइन वाचलं, मग बायकोला वाचून दाखवलं, आणि तिने सांगितलं की इथे किचनमधे बडबडण्यापेक्षा त्यांना लिहून पाठव. म्हणून लिहितोय. कारण मी राहतो नॉर्थ कॅरोलिनात, रालेच्या शेजारी केरी म्हणून गाव आहे तिथे (इतके मराठी लोक आहेत की गणपतीत ढोल पथक वगैरे सगळं असतं), आणि आमच्याकडे जे क्लासिकल रेडिओ स्टेशन आहे ते नेमकं त्या पत्रात म्हटलंय तसंच, ऐकणाऱ्यांच्या पैशावर चालतं. मी त्याला दर महिन्याला पैसे देतो. फंड ड्राइव्हला, म्हणजे रेडिओवरून वर्गणी गोळा करायच्या मोहिमेत, फोन घ्यायलाही बसलोय. त्यामुळे पत्रलेखकांचं निम्मं म्हणणं मला एकदम मान्य आहे आणि उरलेल्या निम्म्यावर माझं जोरदार भांडण आहे.

आधी ते स्टेशन काय आहे ते सांगतो. डब्ल्यूसीपीई, ८९.७ एफएम, वेक फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावात स्टुडिओ. १९७८ साली सुरू झालं. चोवीस तास फक्त पाश्चात्य शास्त्रीय संगीत, बातम्या नाहीत, ट्रॅफिक अपडेट नाही, टॉक शो नाही, जाहिराती नाहीत. सरकारचा पैसा घेत नाहीत, कुठल्या युनिव्हर्सिटीचाही नाही. पगारी माणसं थोडी आणि बाकी व्हॉलंटिअर, म्हणजे माइकवर बोलणाऱ्यांमधेसुद्धा काही जण फुकट काम करणारे. शुक्रवारी दिवसभर लोकांच्या फर्माइशी वाजवतात, गुरुवारी रात्री अख्खा ऑपेरा, म्हणजे तिकडचं संगीत नाटक. मी इथे आलो तेव्हा मला मोझार्ट आणि बाख यातला फरकही कळत नव्हता, माझे कान सांगली-मिरजेचे, पण गाडीत ऑफिसला जाता येता ऐकून ऐकून आता एवढं झालंय की चुकून दुसरं स्टेशन लागलं तर पोरं मागून ओरडतात बाबा ते लाव.

तर फंड ड्राइव्ह. वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आठवडाभरापेक्षा जास्त दिवस रेडिओवर सतत पैसे मागणं चालतं. एक तुकडा वाजवला की दोघंजण माइकवर येऊन बोलतात, की आत्ता तुम्ही जे ऐकलंत ते तुमच्या शेजाऱ्याच्या पैशाने ऐकलंत, तुम्ही कधी देणार, फोन करा, हा नंबर. परत एक छोटा तुकडा, परत बोलणं. आपल्याकडे गणपतीची वर्गणी मागायला मंडळाची पोरं येतात ना पावतीपुस्तक घेऊन, अगदी तोच प्रकार, फक्त ही पोरं घराबाहेर न थांबता डायरेक्ट तुमच्या गाडीत येऊन बसतात आणि उतरतच नाहीत. खरं सांगतो, त्या दिवसांत मीसुद्धा वैतागतो. लांब सिम्फनी तर विसराच, कारण तासाभराचा तुकडा लावला तर मागायचं कधी. आणि जे लावतात ते सगळं ओळखीचं, टाळीचं, व्हायवाल्डी नाहीतर त्चैकोव्स्की, कारण ओळखीचं ऐकलं की माणूस खिशात हात घालतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फोनच्या खोलीत मात्र मजा असते. लांब टेबल, टेबलावर फोन, समोर फॉर्मचा गठ्ठा, कोणीतरी घरून केक करून आणलेला. फोन वाजला की नाव, पत्ता, रक्कम, एकदम देणार का महिन्याला थोडे थोडे, नाव रेडिओवर घेतलं तर चालेल का. आणि शेवटी एक मोकळी जागा, काही सांगायचंय का. त्या जागेत जे येतं ते वाचण्यासारखं असतं. एका आजोबांनी मला सांगितलेलं की पैसे देतो पण सकाळी सहाला ट्रम्पेट वाजवू नका, माझा कुत्रा घाबरतो. मी लिहून घेतलं, इमानदारीत. एका बाईंनी दहा डॉलर दिले आणि त्या दहा डॉलरसाठी चार वेळा सॉरी म्हणाल्या, रिटायर्ड शाळामास्तरीण होत्या, नवरा आजारी, दिवसभर घरात हा रेडिओच चालू असतो म्हणाल्या. त्यांच्या दहा डॉलरचा फॉर्म आणि कुठल्या डॉक्टरच्या हजार डॉलरचा फॉर्म एकाच ट्रेमधे जातो. (माझ्या आडनावाची गंमत वेगळीच, समोरचा म्हणतो तुमचं नाव काय, मी स्पेलिंग सांगायला घेतो आणि तेवढ्यात त्याचं क्रेडिट कार्ड एक्स्पायर होईल की काय असं वाटतं.)

ही कल्पना मुळात आली कुठून, तर कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत लुइस हिल नावाच्या माणसाने १९४९ साली केपीएफए नावाचं स्टेशन काढलं. तोवर अमेरिकेत रेडिओ म्हणजे साबणाच्या नाहीतर सिगारेटच्या जाहिराती आणि मधे मधे कार्यक्रम. हिलचं म्हणणं होतं की जाहिरातदार पैसे देणार तर तोच ठरवणार, त्यापेक्षा ऐकणाऱ्यांकडून घेऊ. आणि त्याचं गणित साधं होतं, ऐकणाऱ्या शंभरातल्या दोघांनी वर्गणी भरली तरी स्टेशन चालेल. फक्त दोघांनी! बाकीचे अठ्ठ्याण्णव फुकट ऐकतील, ऐकू देत. सुरुवातीला ते गणितही जमलं नाही, १९५० साली पैसे संपले आणि स्टेशन बंद पडलं, मग ऐकणाऱ्यांनीच धावाधाव करून पैसे उभे केले आणि १९५१ मधे परत सुरू झालं. आज पंच्याहत्तर वर्षांनंतरही चालू आहे.

पत्रलेखकांना वाटतंय तसं इथे सगळंच ऐकणाऱ्यांच्या जिवावर चालत नाही हेही सांगायला पाहिजे. १९६७ साली कायदा करून सरकारने पब्लिक ब्रॉडकास्टिंगसाठी एक कॉर्पोरेशन काढली आणि तिच्यामार्फत देशभरातल्या रेडिओ-टीव्ही स्टेशनांना पैसे जायचे. मोठ्या शहरातल्या स्टेशनांना त्या पैशाचं फार काही नव्हतं, त्यांच्याकडे श्रीमंत देणगीदार असतात, पण कुठे डोंगरात, कुठे अमेरिकेतल्या मूळ आदिवासींच्या रिझर्व्हेशनवर, जिथे ऐकणारेच मुळात कमी तिथे तो पैसा म्हणजे अर्धा संसार. २०२५ च्या जुलैत काँग्रेसने (म्हणजे इथल्या संसदेने) दोन वर्षांचे मिळून सुमारे ११० कोटी डॉलर मागे घेतले आणि ऑगस्टमधे कॉर्पोरेशनने गाशा गुंडाळायला घेतल्याचं जाहीर केलं. त्यावेळी देशभर नवे देणगीदार पुढे आले हे खरं आहे, मी स्वतः दुसऱ्या एका स्टेशनला तेव्हा पैसे पाठवले. पण ते पैसे कुठे गेले, तर जिथे आधीच ऐकणारे भरपूर, चांगल्या नोकऱ्या, ऑफिसचं मॅचिंग (म्हणजे मी शंभर दिले तर कंपनी वर शंभर घालते, आयटीवाल्यांना हे माहीत असेल), अशा ठिकाणी जास्त. छोट्या गावातलं स्टेशन तिथेच मार खातं. आमच्या डब्ल्यूसीपीईला काही फरक पडला नाही कारण ते सरकारचा पैसा घेतच नव्हते, पण ते रिसर्च ट्रँगलमधे आहे, तीन मोठ्या युनिव्हर्सिट्या आणि शेकडो कंपन्यांच्या मधोमध. गडचिरोलीत हे मॉडेल लावून दाखवा म्हणजे बोलू.

आता खरी गोष्ट, जी मला त्या पत्रलेखकांना मुद्दाम सांगायची आहे. २०२३ सालची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे (सगळे त्याला मेट म्हणतात) खेळ सीझनमधे शनिवारी दुपारी रेडिओवरून लाइव्ह येतात, १९३१ पासून. डब्ल्यूसीपीईसुद्धा ते देतं. २०२३-२४ च्या सीझनमधे मेटने बरेच नवे, आजच्या काळातले ऑपेरे घेतलेले, कुणाचा विषय फाशीची शिक्षा, कुणाचा वंशद्वेष, कुणाचा लैंगिक अत्याचार, कुणाचा आत्महत्या. आमच्या स्टेशनच्या जनरल मॅनेजर डेबोरा प्रॉक्टर यांनी ऑगस्टच्या शेवटी ऐकणाऱ्यांना पत्र पाठवलं की यातले काही ऑपेरे आपण वाजवणार नाही, विषय मोठ्यांचे आहेत, भाषा शिवराळ आहे, काहींचं संगीत आपल्या स्टेशनच्या फॉरमॅटमधे बसत नाही, आणि तुमचं मत कळवा म्हणून सोबत प्रश्न. म्हणजे बघा, ऐकणाऱ्यांच्या पैशावर चालणारं स्टेशन, त्याने ऐकणाऱ्यांनाच विचारलं, कागदावर एकदम लोकशाही. पण झालं काय, सप्टेंबरअखेर ही बातमी राष्ट्रीय पेपरात गेली आणि गदारोळ उठला, कारण वगळलेल्यांत कृष्णवर्णीय आणि लॅटिन संगीतकारांची कामं होती. आमच्याच राज्यातल्या ग्रीन्सबरोच्या गायिका-संगीतकार ऱ्हियानन गिडन्स, ज्यांना त्याच वर्षी ऑपेरासाठी पुलित्झर पुरस्कार मिळालेला, त्यांनी जाहीर पत्र लिहिलं. केरीत आमच्या ओळखीच्या एका घरात नवराबायकोत यावरून अबोला झाला, ती म्हणे बरोबर केलं, लहान मुलं घरात असतात, तो म्हणे मग आपले जुने ऑपेरे काय सोज्वळ आहेत काय, खून, व्यभिचार, विषप्रयोग सगळं आहे त्यात, फक्त इटालियनमधे आहे म्हणून कळत नाही! मला त्याचं पटलं. ऑक्टोबर उजाडला आणि काही दिवसांतच स्टेशनने निर्णय मागे घेतला, सगळे ऑपेरे दिले.

हे मी का सांगतोय, तर पैसे देणारा ऐकणारा ही एक ताकद आहे आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. ज्यांनी पैसे दिलेत त्यांना न आवडणारं वाजवायला स्टेशन कचरतं. आणि ज्यांनी पैसे दिलेत तेच ओरडले की स्टेशनला ऐकावंही लागतं, तेही महिन्याभरात.

आपल्याकडे बघा काय होतं. आपण पैसे देतच नव्हतो असं नाही, रेडिओचं लायसन होतं की! आमच्या घरी ते छोटं पुस्तक होतं, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून रिन्यू करायचं, वडील विसरले की आजी आठवण करायची कारण भजनं आणि सकाळचं गाणं तिचं होतं. ऐंशीच्या दशकात ते लायसन बंद झालं. म्हणजे आपणही एका अर्थाने श्रोत्यांच्या पैशावरचा रेडिओ ऐकलाय, पण पोस्टातल्या त्या फॉर्मवर ट्रम्पेटची तक्रार लिहायला मोकळी जागा नव्हती. १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातली, का तर ती आपल्या संगीताला योग्य नाही, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाणं) घेता येत नाही वगैरे. पेटीवर बंदी, महाराष्ट्रात! ती उठायला १९७१ उजाडलं, आणि तीसेक वर्षं रेडिओवर गाणाऱ्याला पेटीची साथ मिळाली नाही, नाट्यसंगीताच्या प्रदेशात हे चालू होतं. १९५२ मधे माहिती-प्रसारण मंत्री बा. वि. केसकर, आपलेच मराठी, त्यांनी सिनेमाच्या गाण्यांना रेडिओवरून जवळपास हद्दपार केलं, आणि शास्त्रीय संगीताला भरभरून जागा दिली, हे त्यांचं कौतुकच, पण लोकांनी काय केलं, सुई फिरवली आणि रेडिओ सिलोन लावलं. १९५७ मधे विविध भारती काढावी लागली ती त्यामुळे. ऐकणाऱ्याला बोलायला जागा नसली की तो बोलत बसत नाही, तो निघून जातो.

पण म्हणून आपण नुसतेच मुके आहोत असंही नाही. तेच २०२३ साल, जूनमधे आकाशवाणी पुण्याचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून देण्याचं ठरलेलं. पुणेकरांनी, पेपरवाल्यांनी, सगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांनी आरडाओरडा केला आणि मंत्र्यांना तो निर्णय थांबवावा लागला. कुणी एक रुपया डोनेशन दिलेलं नव्हतं. फक्त बोलले. माझं म्हणणं इतकंच की बातम्यांसाठी सगळे बोलले, सकाळचा अर्ध्या तासाचा ख्याल उद्या गेला तर कोण बोलणार? त्याचे ऐकणारे विखुरलेले, बहुतेक साठीपुढचे, एकमेकांना ओळखतही नाहीत. इथे फंड ड्राइव्हचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच आहे, की स्टेशनकडे ऐकणाऱ्यांची यादी तयार होते. नाव, पत्ता, काय आवडतं. उद्या काही झालं तर हजारो लोकांना एका दिवसात कळवता येतं.

आता माझं भांडण. पत्रलेखक म्हणतात की ऐकणाऱ्यांनी पैसे द्यावेत आणि सरकारने बाजूला व्हावं. अहो, हे इथे का जमतं माहितीये का, कारण इथला क्लासिकल रेडिओ मुख्यतः रेकॉर्ड वाजवतो! बर्लिनच्या नाहीतर लंडनच्या ऑर्केस्ट्राने कधीतरी रेकॉर्ड केलेलं, कंपनीने विकलेलं, ते स्टेशन लावतं. खर्च ट्रान्समीटरचा, विजेचा, माणसांचा, लायसन्सिंगचा. व्हायोलिन वाजवणाऱ्याचं घर त्यातून चालत नाही, त्याच्या ऑर्केस्ट्राचं फंडिंग वेगळं असतं. आकाशवाणीचं तसं कधीच नव्हतं. आकाशवाणी कलाकाराला स्टुडिओत बोलावते, ऑडिशन घेते, ग्रेड देते, बी, बी हाय, ए, टॉप, आणि गायला-वाजवायला पैसे देते. आमच्या सांगलीकडे एखादी मुलगी ग्रेड मिळाली की पेढे वाटते, आणि तिच्या बायोडेटात पहिली ओळ तीच असते, पन्नाशीतसुद्धा. पंडित भीमसेन जोशी तरुणपणी रेडिओवर आर्टिस्ट म्हणून काम करत होते, ते काही तेव्हा भारतरत्न नव्हते, विशीतला एक पोरगा होते. त्या वेळी फंड ड्राइव्ह असता तर त्या पोरासाठी कुणी फोन केला असता?

इथेच ते व्हायवाल्डीवालं आठवा. ऐकणारे पैसे देतात ते ओळखीच्यासाठी. उद्या आकाशवाणीचं शास्त्रीय संगीत नुसतं वर्गणीवर सोडलं तर काय होईल ते मी आत्ता लिहून देतो, सकाळी अभंग, दुपारी अभंग, संध्याकाळी त्याच पाच मोठ्या नावांची तीच रेकॉर्डिंग्ज, आणि डोनेशन जास्त आलं तर परत अभंग. अभंग मलाही आवडतात, भांडण त्यांच्याशी नाही. पण नायकी कानडा, खट असे क्वचित ऐकू येणारे राग कोण लावणार, मिरजेतला बी हाय ग्रेडचा सतारवाला कुठे जाणार? सारंगीला तर कोणी डोनरच मिळणार नाही. जिथे ओळखच नाही तिथे आवड कुठून येणार आणि आवड नाही तर पैसे कुठून, तेव्हा अनोळखी, नवं, अवघड असं जे काही आहे त्याचा खर्च सगळ्यांच्या पैशातूनच व्हायला पाहिजे, त्याला टॅक्स म्हणा काय म्हणा, पण ते सरकारचं काम आहे आणि त्यातून सुटका नाही. १९५२ पासून शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि १९५४ पासूनचं रेडिओ संगीत संमेलन हे वर्गणीवर सुरूच झालं नसतं.

मग लोकांनी काहीच देऊ नये का? द्यावं की. आपले लोक गाण्यासाठी पैसे देत नाहीत हे तर मला अजिबात पटत नाही. डिसेंबरात पुण्यात सवाई गंधर्व महोत्सवाला जा. थंडीत स्वेटर-मफलर घालून, तिकीट काढून, दिवसच्या दिवस बसतात लोक, १९५३ पासून चाललंय हे. कोल्हापूरचा देवल क्लब बघा, गावोगावची म्युझिक सर्कल बघा, वर्षाची मेंबरशिप भरून, सतरंज्या घालायला स्वतः येऊन, कलाकाराला आपल्याच घरी उतरवून गाणी करतात, कोणी हजार देतं कोणी पन्नास. मिरजेत मीरासाहेबांच्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, तिथे तर तिकीटही नाही तरी सगळं उभं राहतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना आश्रय दिला ते दिवस गेल्यावर आपल्याकडचं गाणं अर्धं सरकारने आणि अर्धं अशा लोकांनी सांभाळलंय. तेव्हा सवय आहे आपल्याला. फक्त रेडिओच्या बाबतीत कुणी मागितलंच नाही.

मला विचाराल तर मागायचं असं मागा. पगार, ट्रान्समीटर, ग्रेडेशन, कलाकारांचं मानधन, हे सगळं सरकारचं, त्याला हात लावायचा नाही, आणि लोकांनी दिलेत म्हणून सरकारने आपले कमी केले असं होता कामा नये (हे पक्कं लिहून घ्या, नाहीतर हमखास होणार). लोकांच्या पैशातून वरची कामं. सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा केंद्रांवर जी जुनी ध्वनिमुद्रणं पडून असतील ती नीट करून लोकांपुढे आणायची. छोट्या गावातल्या नव्या मुलामुलींची अर्ध्या अर्ध्या तासाची चांगली रेकॉर्डिंग करायची, तंबोरे नीट लावून, चांगल्या माइकवर. २०२४ मधे मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना जीआय टॅग (त्या गावची खास वस्तू अशी अधिकृत नोंद) मिळाला, त्यांचेच तंबोरे विकत घ्या की केंद्रांसाठी, आम्ही देतो पैसे, प्रत्येक तंबोऱ्यावर देणाऱ्याचं नाव लिहा हवं तर, आपल्या लोकांना देवळाच्या फरशीवर नाव कोरून घ्यायची हौस आहेच. आणि कुठल्याही देणगीदाराला कुठला राग, कुठला कलाकार यात बोलायचा हक्क नाही, फर्माईश करा, हट्ट नाही. डब्ल्यूसीपीईच्या त्या प्रकरणानंतर माझं हे मत आणखी पक्कं झालंय.

आणि पैशाचं जमेल तेव्हा जमेल, एक गोष्ट फुकटात होण्यासारखी आहे. आमच्या इथलं स्टेशन रोजची पूर्ण यादी वेबसाइटवर टाकतं, किती वाजता काय वाजलं, संगीतकार कोण, वाजवणारे कोण, कुठलं रेकॉर्डिंग. ऑफिसला पोचता पोचता काहीतरी सुंदर ऐकलं आणि नाव कळायच्या आत गाडी पार्क करावी लागली तर दुपारी जाऊन बघता येतं. आपल्याकडे प्रत्येक केंद्राने तशी यादी रोज टाकावी, राग, ताल, गाणारा, आणि तबल्यावर कोण, पेटीवर कोण, तेही. साथीदारांची नावं ऐकायला माणसं जीव टाकून बसलेली असतात, विशेषतः त्यांच्या घरची. खाली एक मोकळी जागा ठेवा, काही सांगायचंय का म्हणून. कुत्र्याची तक्रार आली तरी चालेल.

मी रोज रात्री जेवण झाल्यावर भांडी घासताना फोनवर आकाशवाणीचं रागम हे शास्त्रीय संगीताचं चॅनल लावतो, २०१६ पासून ते चोवीस तास चालू आहे, हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही. उन्हाळ्यात आमचे रात्रीचे साडेआठ म्हणजे तुमचे सकाळचे सहा, त्यामुळे माझ्या सिंकपाशी भैरव, म्हणजे सकाळचा राग, चाललेला असतो आणि बाहेर अंधार पडत असतो, रागसमयाचे शुद्धतावादी मला फाडून खातील. माझा मुलगा तर भैरवला भांड्यांचा राग म्हणतो. या ऐकण्याचे मी आजवर काहीच दिलेले नाहीत, ना टॅक्स, ना वर्गणी, म्हणजे हिलच्या गणितातल्या अठ्ठ्याण्णवांतला मी एक. डब्ल्यूसीपीईला जेवढे महिन्याला देतो तेवढेच आकाशवाणीच्या शास्त्रीय संगीतालाही द्यायची माझी तयारी आहे, आणि आमच्या इथल्या मंडळातल्या चार-पाच घरांना विचारलं तर तेही तयार आहेत, एकाने तर पहिला तंबोरा माझा असं आत्ताच बुक करून टाकलंय. तेव्हा त्या पत्रलेखकांना माझं एवढंच सांगा की वर्गणीचं पावतीपुस्तक छापणार असाल तर पहिली पावती माझ्या नावाने फाडा, पण सरकारला मोकळं सोडायची त्यांची जी आयडिया आहे ती तेवढी मागे घ्या.

पत्र फार लांबलंय, तुम्ही कात्री लावणार हे मला माहितीये. लावा, हरकत नाही, अबोल्याचा किस्साही कापा (ते दोघं तुमचा पेपर वाचतात!), फक्त ग्रेड आणि मानधनाचा परिच्छेद तेवढा राहू द्या.

आपला,
एक वाचक
केरी, नॉर्थ कॅरोलिना (मूळ सांगली)